सोलापूरची मैदाने, तळी आणि माळ : क्रीडांगणांचे नूतनीकरण व वन्यजीवांचे अधिवास यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

शहरांच्या इतिहासलेखनात किल्ले, मंदिरे, बाजारपेठा आणि गिरण्या यांना ठळक स्थान मिळते. मोकळ्या जागांच्या वाट्याला मात्र सहसा एखादे वाक्यच येते. मैदान ही जणू इमारतींच्या मध्ये शिल्लक राहिलेली जागा, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः कोणत्याही जुन्या शहरात मोकळी जागा आपोआप शिल्लक राहत नाही. धर्मश्रद्धा, लष्करी गरज, यात्रा, खेळ किंवा कायदा यांपैकी कोणीतरी तिला राखलेले असते. जागा का राखली गेली हे कळले, तर ती पुढे कशी राखता येईल याचाही अंदाज बांधता येतो.

सोलापूर हे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे शहर आहे. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला व त्याचा खंदक, होम मैदान आणि पार्क मैदान म्हणून ओळखले जाणारे इंदिरा गांधी स्टेडियम ही स्थळे शहराच्या मध्यभागी परस्परांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. दक्षिणेस विजापूर रस्त्यालगत धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे पूर्वीचा कंबर तलाव, ईशान्येस हिप्परग्याचा एकरुख तलाव आणि त्यापलीकडे नान्नजचे गवताळ माळ, असा मोकळ्या भूमीचा पट्टा शहराभोवती पसरलेला आहे. माणसांचे खेळ, जत्रा व फिरणे आणि पक्ष्यांचे चरणे, विसावणे व अंडी घालणे या दोन्ही गोष्टी या भूमीवर दीर्घकाळ एकत्र चालत आल्या आहेत.

अलीकडील काळात यांपैकी अनेक जागांचे नूतनीकरण झाले अथवा हाती घेण्यात आले. क्रीडासुविधा आणि वन्यजीवांचे संरक्षण यांतील कोणती तरी एकच गोष्ट साधेल, असा सूर या संदर्भात अनेकदा ऐकू येतो. सोलापूरचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. येथील मोकळ्या जागा कालविभागणीच्या आधारे अनेकांनी वाटून वापरल्या, आणि नूतनीकरणात ही विभागणी व तळ्यामैदानांचे नैसर्गिक काठ मोडले गेले की अधिवास नष्ट होतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तलाव आणि होम मैदान : श्रद्धेने राखलेली जागा

सोलापूरच्या मोकळ्या जागांचा इतिहास बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्यापासून सुरू होतो. महात्मा बसवेश्वरांचे समकालीन असलेल्या सिद्धरामेश्वरांची ओळख वचनकार म्हणून जितकी आहे, तितकीच लोकोपयोगी कामे उभारणारा कर्मयोगी म्हणूनही आहे. सोन्नलगी या त्या वेळच्या गावात त्यांनी लोकांच्या श्रमदानातून तलाव खोदविला व गावाच्या परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि तोही बेभरवशाच्या असलेल्या या प्रदेशात तलाव खोदणे हे उपासनेइतकेच मोलाचे काम होते.

या तलावाच्या परिसरात दरवर्षी मकर संक्रांतीला गड्डा यात्रा भरते. १२ जानेवारीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, १३ जानेवारीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, १४ जानेवारीला होम मैदानावर होमप्रदीपन आणि त्यानंतर शोभेचे दारूकाम, असा तिचा क्रम आहे. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी झालेल्या कुंभारकन्येच्या विवाहाचे स्मरण या विधींतून केले जाते. मानाचे सात नंदीध्वज मिरवणुकीने शहरातून जातात आणि होम मैदानावर पाळणे, दुकाने व खेळ यांचा गड्डा पुढे बरेच दिवस चालतो.

या यात्रेने मैदानाला नाव दिले आणि त्याचे रक्षणही केले. ज्या जागेवर दरवर्षी होम पेटवायचा आहे, ती जागा कोणी सहजासहजी बांधून काढू शकत नाही. विधीची तिथी ठरलेली असल्यामुळे मैदानाचा दाट वापर वर्षातील ठरावीक दिवसांपुरता होत असे. उरलेले महिने ते गुराढोरांचे, मुलांच्या खेळांचे आणि पाखरांचे असे. मैदानाचे ‘मोकळेपण’ हे अशा प्रकारे सामाजिक संमतीचे फळ होते. ते सांभाळण्यासाठी कुंपणाची आवश्यकता भासली नाही, कारण ते पंचांगात बसविलेले होते.

किल्ला आणि खंदक : लष्करी गरजेने राखलेली जागा

दुसरे कारण लष्करी होते. सोलापूरचा भुईकोट किल्ला बहमनी काळातील मानला जातो. दुहेरी तटबंदीचा हा किल्ला सपाट भूमीवर असल्यामुळे त्याचा बचाव डोंगराच्या उंचीऐवजी पाण्यावर अवलंबून होता. एका अंगाला सिद्धेश्वर तलाव आणि उरलेल्या बाजूंना रुंद खंदक, अशी त्याची रचना होती. भुईकोटाच्या तटाजवळ वस्ती दाटली की शत्रूला आडोसा मिळतो. त्यामुळे अशा किल्ल्यांसमोरची जागा मोकळी ठेवण्याकडे किल्लेदारांचा कल असे.

मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या इंग्रज फौजेने सोलापूरची पेठ आणि त्यापाठोपाठ किल्ला घेतला. पेशवाईच्या अखेरच्या लढायांपैकी ही एक होय. त्यानंतर किल्ल्याचे लष्करी महत्त्व झपाट्याने ओसरले. तट राहिला, खंदकाचा काही भाग राहिला आणि त्यांच्या आसऱ्याने झाडोरा वाढला. तटाच्या सांदीत पोपट, पिंगळे व पाकोळ्या यांना घरटी करता येतात, पडक्या भिंतींत वटवाघळांना थारा मिळतो आणि साचलेल्या पाण्याच्या कडेला बगळे उभे राहतात. जुन्या किल्ल्यांत सर्वत्र आढळणारी ही स्थिती कोणीही योजलेली नव्हती.

पुढे संरक्षित स्मारकांच्या कायद्याने या स्थितीला बळ दिले. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीचा १९५८ चा कायदा आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित आहे. हा नियम वास्तूंसाठी केलेला असला तरी त्याचा लाभ झाडांना व पाखरांनाही होतो. दगडासाठी आखलेली मर्यादा जीवसृष्टीच्या कामी यावी, हा इतिहासातील एक बोलका योगायोग म्हणावा लागेल.

एकोणिसावे शतक : पाणी आणि शहर यांची फारकत

१८५२ मध्ये सोलापुरात नगरपालिका स्थापन झाली. १८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी उभी राहिली. कापूस, सूत आणि हातमाग यांच्या बळावर शहर वाढले, आणि त्याची तहानही वाढली. १८६६ मध्ये सुरू झालेले एकरुख तलावाचे काम १८७१ मध्ये पूर्ण झाले. आदिला नदीवर मातीचा बांध घालून बनविलेला हा तलाव त्या काळच्या मुंबई इलाख्यातील मोठ्या तलावांपैकी एक होता. सिंचन हा त्याचा मूळ हेतू होता आणि पुढे शहराच्या पाणीपुरवठ्यासाठीही त्याचा उपयोग झाला. त्यानंतर काही वर्षांतच, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला आणि पाणी साठविण्याच्या कामांचे महत्त्व सर्वांनाच पटले.

मोकळ्या जागांच्या दृष्टीने या घटनेचा एक दूरगामी परिणाम झाला. जोवर गावातील तळ्याचे व विहिरींचे पाणी रोजच्या वापरात होते, तोवर त्यांचा काठ, गाळ आणि त्यांत येणारे ओढे यांवर गावाची नजर होती. पाणी दूरच्या तलावातून नळाने येऊ लागले, तशी गावातील तळ्याची गरज मुख्यतः धार्मिक आणि सौंदर्याची उरली. विसाव्या शतकात १९८० च्या सुमारास पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे शहर भीमेच्या पाण्याशी जोडले गेले आणि ही फारकत आणखी वाढली. जे पाणी आपण पीत नाही, त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे असते. निर्माल्य, मूर्तिविसर्जन आणि सांडपाणी यांचा भार शहरी तळ्यांवर पडू लागला तो याच टप्प्यावर.

याच काळात उलट दिशेनेही एक बदल घडत होता. माणसांसाठी बांधलेल्या मोठ्या तलावांवर पक्षी येऊ लागले. उजनी आणि हिप्परगा येथे हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, तसेच चक्रवाक, थापट्या व तलवार बदक ही बदके यांची नोंदही जिल्ह्यातील जलाशयांवर होते. हे सर्व तलाव मानवनिर्मित आहेत. ‘नैसर्गिक’ आणि ‘कृत्रिम’ हा भेद पक्ष्यांच्या लेखी नसतो. त्यांना उथळ पाणी, चिखलाचा काठ आणि शांतता लागते.

कायद्यात मात्र हा भेद आहे. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्र शासनाने २०१० मध्ये नियम केले आणि २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आणले. २०१७ च्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय, तसेच मत्स्यशेती, मिठागरे, मनोरंजन व सिंचन यांसाठी खास उभारलेल्या रचना वगळण्यात आल्या. दख्खनच्या पठारावरील बहुतेक तळी कोणत्या ना कोणत्या काळी माणसानेच खोदलेली आहेत. त्यामुळे सोलापूरसारख्या जिल्ह्यात पक्ष्यांचा प्रत्यक्ष अधिवास आणि कायद्याने संरक्षणास पात्र ठरणारी पाणथळ जागा यांच्यात मोठे अंतर पडते. हे अंतर भरून काढण्याची जबाबदारी अखेरीस स्थानिक संस्थांवर येते.

नान्नजचा धडा : रेषा आणि व्यवस्थापन

सोलापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर, बार्शी रस्त्यावरील नान्नजचा माळ हा या विषयातील सर्वांत मोठा, आणि काहीसा कटू, ऐतिहासिक अनुभव आहे. सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात येथील माळढोक पक्ष्यांकडे अभ्यासकांचे व शासनाचे लक्ष वेधले. त्याच दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमाखाली काही पडीक जमिनींना चराईपासून संरक्षण देण्यात आले. तेथे गवत परतले आणि गवतापाठोपाठ माळढोकही दिसू लागले. पुढे मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेच्या अभ्यासकांनी येथे प्रदीर्घ संशोधन केले.

१९७९ मध्ये सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर या जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले. कागदावर हे अभयारण्य प्रचंड होते. प्रत्यक्षात त्यात गावे, शेते, रस्ते आणि बाजारपेठा होत्या, आणि माळढोकाला उपयुक्त असे शासकीय गवताळ माळ त्यात विखुरलेल्या तुकड्यांच्या स्वरूपात होते. जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांमुळे शेतकऱ्यांत नाराजी वाढली. पक्ष्याच्या नावाने आपली अडवणूक होते, ही भावना संवर्धनाला पोषक नव्हती. पुढे न्यायालयीन प्रक्रियेनंतर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले.

दरम्यानच्या काळात माळाचे स्वरूप पालटले. सिंचन वाढले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळ म्हणजे ‘पडीक’ जमीन या समजुतीने ठिकठिकाणी झाडेही लावली गेली. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याला दूरवर नजर पोहोचेल असा मोकळा माळ हवा असतो, आणि जड शरीरामुळे व समोरचे कमी दिसत असल्यामुळे तो उडताना तारांवर आदळतो. जगभरातील निसर्गसंवर्धन संघाने २०११ मध्ये त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त प्रजातींत केला. २०२० नंतरच्या वर्षांत नान्नजला माळढोक दिसणे हीच बातमी ठरू लागली. काळवीट, लांडगा, खोकड आणि हिवाळी पाहुणे असलेले भोवत्ये मात्र त्या माळावर टिकून आहेत.

क्रीडांगणांच्या विषयात नान्नजचा विचार अप्रस्तुत वाटू शकेल. तथापि त्यातून मिळणारे दोन धडे थेट लागू पडतात. पहिला असा की केवळ सीमारेषा आखल्याने अधिवास टिकत नाही. आठ हजार चौरस किलोमीटरच्या रेषेपेक्षा राखलेल्या गवताच्या काही तुकड्यांनी अधिक काम केले. दुसरा असा की हिरवेगार करणे म्हणजे संवर्धन करणे नव्हे. वाळके गवत, उघडी माती आणि दगडगोटे हाच ज्यांचा अधिवास, त्यांच्यासाठी दाट वृक्षारोपण किंवा मखमली हिरवळ ही हानीच ठरते.

टिटवीचे मैदान

हा दुसरा धडा शहरातल्या मैदानाला कसा लागू होतो, हे टिटवीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. टिटवी घरटे बांधत नाही. मार्च ते ऑगस्ट या काळात उघड्या जमिनीवरील किंचित खोलगट जागी, खड्यांच्या कडेने, ती मातीच्या रंगाची सुमारे चार अंडी घालते. शाळांची पटांगणे, कुस्तीच्या आखाड्यामागची मोकळी जागा, मैदानाचा न वापरला जाणारा कोपरा ही तिची नेहमीची ठिकाणे आहेत. ‘टिटवीदेखील समुद्र आटवते’ ही म्हण मराठीत रूढ आहे. आज मात्र तिच्यापुढे समुद्राऐवजी पेव्हर ब्लॉक आहेत.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे यांचाही समावेश आहे. मैदान सपाट करणारे यंत्र चालविताना हा मुद्दा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पक्षी अभयारण्यात असला तरच कायद्याचे संरक्षण मिळते, हा समज चुकीचा आहे. क्रीडांगणाच्या कोपऱ्यातील अंडीही कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात.

तळ्याकाठची स्थिती याहून वेगळी नाही. पाणकोंबडी, वारकरी, टिबुकली व कमळपक्षी यांना काठाची वनस्पती लागते, तर तुतवार आणि धोबी यांना ओला चिखल. काठाला सरळ दगडी भिंत घातली की पाणी आणि जमीन यांच्यामधला हा संक्रमणाचा पट्टा नाहीसा होतो. तलाव पूर्वीइतकाच मोठा दिसतो, किंबहुना अधिक देखणा दिसतो, परंतु पक्ष्यांच्या दृष्टीने तो रिकामा झालेला असतो. दुसऱ्या टोकाला, पोषकद्रव्यांच्या अतिरेकामुळे जलपर्णी माजली की तीही पाणी झाकून टाकते. म्हणून काठ राखणे याचा अर्थ काहीही न करणे असा होत नाही. कोणती वनस्पती काढायची आणि कोणती ठेवायची, हा विवेक त्यात अभिप्रेत आहे.

स्मार्ट सिटी आणि नूतनीकरणाचे पर्व

१ मे १९६४ रोजी सोलापूर महानगरपालिका अस्तित्वात आली. गिरणगावाच्या कामगारवस्त्यांत व्यायामशाळा, तालमी आणि क्रिकेट यांची परंपरा रुजलेली होती. भारताचे थोर फलंदाज पॉली उम्रीगर यांचे बालपण याच शहरात गेले. पार्क मैदान हे या क्रीडाजीवनाचे केंद्र ठरले आणि इंदिरा गांधी स्टेडियम या नावाने त्याला औपचारिक रूप आले.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी योजनेतील पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली. त्यातून सिद्धेश्वर तलाव, होम मैदान आणि पार्क स्टेडियम या तिन्ही ठिकाणी सुधारणांची कामे झाली. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र व मणिपूर यांच्यातील रणजी सामना सोलापुरात खेळविण्यात आला. सुमारे तीन दशकांच्या खंडानंतर शहराला हा मान मिळाला. ही घटना सोलापूरकरांच्या दृष्टीने आनंदाची होती, आणि तसे वाटणे रास्तच आहे. कामगारांच्या मुलांना उत्तम मैदान मिळावे ही मागणी चैनीची नाही. शहरातील मोकळ्या जागांवर पहिला हक्क ज्यांना अंगण नाही त्यांचा असतो. त्यामुळे संवर्धनाची कोणतीही मांडणी खेळाडूला खलनायक ठरवून करता येणार नाही.

तथापि एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या तिन्ही जागांची कामे स्वतंत्र प्रकल्प म्हणून गणली जातात, आणि इतिहासात मात्र त्या एकाच भूदृश्याचे भाग होत्या. तलावावरून उडालेला बगळा मैदानातील कीटक टिपतो. मैदानावरील खत पावसाच्या पाण्याबरोबर जवळच्या तळ्यात उतरले, तर शेवाळाची वाढ होते. प्रकाशझोतांकडे झेपावणारे कीटक पाण्याच्या काठी जन्मलेले असतात, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या वटवाघळांचा निवारा जुन्या तटात असतो. तीन निविदांत विभागलेले हे संबंध एका नकाशावर पाहिल्याखेरीज समजत नाहीत.

अन्यत्रचे अनुभव

खेळ आणि अधिवास यांचा प्रश्न सोलापूरपुरता नाही. नवी मुंबईत सीवूड्स परिसरातील पाणथळ जागेवर गोल्फ मैदान व बांधकाम यांसाठी जमीन वापरात केलेला बदल मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरविला, आणि त्यानंतर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. येथील जागेचे महत्त्व समजण्यास काळाचे भान आवश्यक आहे. ठाण्याच्या खाडीत भरती आली की चिखलाची मैदाने बुडतात, आणि रोहित पक्षी तेवढ्या काही तासांसाठी या तळ्यांवर येतात. दिवसातून बराच वेळ रिकामी दिसणारी जागा ठरावीक वेळी अपरिहार्य ठरते.

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे २००० च्या ऑलिंपिकची तयारी चालू असताना विटांसाठी खोदलेल्या एका जुन्या खाणीत दुर्मीळ बेडकांची वसाहत आढळली. त्या खाणीत टेनिस केंद्र बांधण्याचा बेत होता. आयोजकांनी केंद्र दुसरीकडे हलविले आणि खाण बेडकांसाठी राखली. पुढे तिच्यावरून लोकांना फिरता यावे म्हणून उंच वर्तुळाकार मार्ग बांधण्यात आला. लंडनमधील २०१२ च्या ऑलिंपिक उद्यानाच्या आराखड्यात ४५ हेक्टर अधिवासाची तरतूद आरंभापासूनच करण्यात आली होती. या दोन्ही ठिकाणी खेळ झाले आणि जीवही टिकले. मात्र पक्षी किंवा बेडूक यांचा विचार मैदान पूर्ण झाल्यावर करण्यात आला नाही. तो जागा निवडतानाच झाला, हे येथे निर्णायक ठरले.

सोलापूरसाठी एक कालपत्रक

परदेशातील निधी व व्यवस्था सोलापूरला उपलब्ध नसल्या तरी सोलापूरपाशी एक वारसा आहे. तो म्हणजे वर्षाची वाटणी करून जागा वापरण्याची परंपरा. ही परंपरा नूतनीकरणाच्या नियोजनात उतरविता येते.

ऑक्टोबर ते मार्च हा स्थलांतरित पक्ष्यांचा काळ आहे. क्रिकेटचा हंगाम आणि गड्डा यात्रा याच काळात येतात. या महिन्यांत मैदानावर खेळ व यात्रा चालू द्याव्यात, मात्र तळ्याच्या काठावरील बांधकाम, गाळउपसा आणि नौकाविहाराचा विस्तार टाळावा. प्रकाशझोत खालच्या दिशेने वळविलेले असावेत आणि सामना संपताच ते बंद व्हावेत. उबदार रंगाच्या दिव्यांकडे निळसर पांढऱ्या दिव्यांपेक्षा कमी कीटक आकर्षित होतात, हेही दिवे निवडताना ध्यानात घ्यावे.

मार्च ते जून या काळात पाणी घटते. त्यामुळे गाळ काढण्यास हा काळ सोयीचा असतो. परंतु टिटवीची वीण याच काळात असते. यावर उपाय म्हणजे काम टप्प्याटप्प्याने करणे. एका वर्षी तळ्याची एक बाजू आणि पुढच्या वर्षी दुसरी, असा क्रम ठेवल्यास जीवांना आसरा उरतो. मैदान सपाट करण्यापूर्वी अंड्यांची पाहणी करून तेवढा कोपरा काही आठवडे दोरीने वेगळा ठेवणे, हे एखाद्या शाळेच्या विद्यार्थ्यांनाही जमण्याजोगे आहे.

पावसाळ्यात मैदान ओले असते आणि खेळ मंदावतो. मैदानाच्या कडेचे गवत या महिन्यांत कापू नये, कारण त्यात कीटक व फुलपाखरांचे पूर्ण जीवनचक्र घडते. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपलीकडे जातो. अशा हवेत कृत्रिम पृष्ठभाग गवतापेक्षा कितीतरी अधिक तापतात आणि पाणीही मुरू देत नाहीत. म्हणून खेळाला जेथे खरोखर आवश्यक असेल तेथेच त्यांचा वापर करावा व उर्वरित भूमी उघडी ठेवावी.

या सर्वांसाठी प्रथम एक नोंदवही हवी. सोलापुरात पक्षिमित्रांची परंपरा आहे. महाविद्यालयांत प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत आणि २००४ पासून शहरालगत स्वतंत्र विद्यापीठ आहे. तळी व मैदाने यांवरील जीवांची महिनावार नोंद ठेवून ती महानगरपालिकेच्या निविदेला जोडली गेली, तर आज दृष्टीआड असलेला अधिवास कागदावर येईल. जे कागदावर नाही, ते नियोजनात नसते.

समारोप

सोलापूरच्या मोकळ्या जागा आठ शतकांत वेगवेगळ्या कारणांनी टिकल्या. सिद्धरामेश्वरांच्या तलावाला श्रद्धेने राखले, खंदकाला युद्धनीतीने, होम मैदानाला यात्रेने आणि पार्क मैदानाला खेळाने. यांपैकी कोणीही पक्ष्यांसाठी जागा राखली नव्हती. तरीही पक्ष्यांना जागा मिळाली, कारण प्रत्येक वापराला काळाची मर्यादा होती आणि प्रत्येक जागेला कच्चा, मऊ असा काठ होता. नान्नजच्या माळावर मोठी रेषा आखूनही माळढोक दुर्मीळ झाला, आणि शहरातील साध्या मैदानावर कोणतीही रेषा नसताना टिटवी टिकली. यातील फरक व्यवस्थापनाचा आहे.

आजच्या नूतनीकरणाचे वेगळेपण असे की ते जागेला बारमाही वापरासाठी तयार करते. रात्री प्रकाश, उन्हाळ्यात कृत्रिम हिरवळ, पावसाळ्यात पक्का काठ यांमुळे वर्षातील प्रत्येक दिवस माणसाच्या वाट्याला येतो, आणि जे आजवर उरलेल्या दिवसांवर जगत होते त्यांच्यासाठी काहीच उरत नाही. सोलापूरला उत्तम क्रीडांगण हवे आहे आणि ते मिळालेही पाहिजे. त्या क्रीडांगणाच्या वर्षातील काही महिने, काही कोपरे आणि रात्रीचे काही तास मोकळे सोडणे यास नवी कल्पना म्हणण्याचे कारण नाही. या शहराने गड्ड्याच्या तिथीइतक्याच निष्ठेने ती रीत पूर्वी पाळली आहे.